वेळ अमावास्या

मार्गशीर्षातील अमावास्येस लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे ओस पडल्यासारखी दिसतात. कारण त्या दिवशी घरेच्या घरे शेतावर गेलेली असतात. कडब्याच्या कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडून त्यांची व लक्ष्मीची पूजा होते. भज्जी, उंडे आणि ज्वारीचे पीठ व ताक यांची आंबील असा नैवेद्य असतो. आंबील उभ्या पिकांतही शिंपडतात. ज्यांना शेत नाही, त्यांनाही आग्रहाने पंगतीस बोलावतात. या वेळी ज्वारी अजून शेतातच उभी असते. पदरात किती पडेल, हे कोणासच ठाऊक नसते. हाती काही येण्यापूर्वीच काळ्या आईचे उपकार स्मरावेत, हीच या सणाची थोर शिकवण होय.