बॅटरी नाही, तरी गिटारचा सूर बदलतो कसा?

काही इलेक्ट्रिक गिटारवर एक फिरता खटका असतो. तो फिरवला की त्याच तारा कधी भरदार, कधी नाकातून बोलल्यासारख्या वाजतात. आत ना बॅटरी, ना चिप.

गिब्सन कंपनीने १९५९ मध्ये ईएस-३४५ या गिटारवर असा सहा जागांचा ‘व्हॅरिटोन’ दिला. पहिल्या जागेवर तो निष्क्रिय असतो. पुढच्या पाच जागांवर एक कॉइल आणि दर वेळी वेगळा कपॅसिटर जोडला जातो. ही जोडी ठरावीक पट्ट्यातली कंपनं ग्राउंडकडे वळवते. आवाजातला तेवढाच भाग गळतो. पॅसिव्ह सर्किट फक्त काढून घेतं, वाढवत काहीच नाही. त्यामुळे आवाजही थोडा कमी होतो.

कामोठ्यातल्या हौशी वादकाला हे घरी जोडायचं असेल, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. पैसे वाया जातात ते कॉइल वगळल्यावर. नुसत्या कपॅसिटरने सूर कमी-जास्त दबका होतो, बस्स. ते काम गिटारवरचा साधा टोन नॉबही करतो! शिवाय प्रत्येक कपॅसिटरला समांतर १० मेगाओहमचा रेझिस्टर लावावा, नाहीतर खटका फिरवताच अ‍ॅम्पमधून ‘टॉक्’ ऐकू येतं.