विकर–निरोधक संकुलांचे स्फटिकीकरण

एखादे विकर (एन्झाइम) आणि त्याचे कार्य रोखणारे नैसर्गिक प्रथिन यांच्या घट्ट जोडणीस विकर–निरोधक संकुल म्हणतात. अशा संकुलाचे स्फटिक वाढवून त्यांवर क्ष-किरण टाकले असता किरणांचे विवर्तन होते आणि त्यावरून अणूंची स्थाने निश्चित करता येतात.

ट्रिप्सिन हे लहान आतड्यात प्रथिने पचविणारे विकर होय. स्फटिक वाढण्यास दिवस, कधी आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत ट्रिप्सिनचे रेणू एकमेकांनाच तोडू लागतात. त्याला अन्नातील प्रथिन जोडावे, तर तेही लगेच तुटते. निरोधक मात्र भक्ष्यासारखा क्रियास्थळी बसतो आणि तेथून सहसा हलत नाही. म्हणूनच विकराची पकड प्रत्यक्ष पाहण्याचा हा बहुधा सर्वांत सोपा मार्ग ठरला.

मोझेस कुनिट्झ व जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३६ मध्ये गाईच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन-निरोधक वेगळा केला आणि ट्रिप्सिनशी झालेल्या त्याच्या संकुलाचेही स्फटिक मिळविले. त्या काळी प्रथिनांची रचना उलगडण्याचे तंत्रच नव्हते. संकुलाची रचना १९७३ मध्ये म्यूनिक परिसरातील रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने प्रसिद्ध केली.

हा निरोधक अवघ्या ५८ अमिनो आम्लांचा असून तीन डायसल्फाइड बंधांनी आवळलेला आहे. त्यातील १५ व्या स्थानचे धनभारित लायसीन ट्रिप्सिनच्या खोबणीत शिरते. खोबणीच्या तळाशी ऋणभारित ॲस्पार्टेट (१८९) असते. बंध तोडणारे सेरीन (१९५) अगदी लगत येते, तरी तोडणी जवळजवळ होतच नाही. निरोधक इतका ताठ आहे, की बंध तुटला तरी त्याची टोके दूर जात नाहीत आणि पुन्हा जुळतात. सेरीन व निरोधक यांच्यात सहसंयुज बंध तयार होतो, असे प्रारंभी मानले गेले. पुढील काटेकोर परिष्करणानंतर ते मत मागे पडले.

वनस्पतींमध्येही असे निरोधक असतात. केंब्रिजमधील डेव्हिड ब्लो यांच्या गटाने १९७४ मध्ये सोयाबीनचा निरोधक व डुकराचे ट्रिप्सिन यांच्या संकुलाची रचना मांडली. कच्चे सोयाबीन नीट पचत नाही, त्याचे एक कारण हेच. शिजविल्याने निरोधक बव्हंशी निष्प्रभ होतो. कोकणात घरोघरी परिचित असलेल्या नाचणीतील निरोधक तर ट्रिप्सिन व ॲमिलेज या दोन्ही विकरांना रोखतो. धान्यातील एका किड्याच्या ॲमिलेजशी झालेल्या त्याच्या संकुलाची रचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निरोधकाचे आरंभीचे टोक विकराच्या क्रियास्थळात शिरलेले दिसते.