देवमाशाच्या कानाची साक्ष



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. आयुष्य कामगार संघटनेत गेले. असा माणूस देवमाशावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण या कथेत हातांना काम आहे, म्हणून ती मला जवळची वाटते.

२०२३ सालच्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिलू येऊन रुतले. माणसांनी खपून त्याला पुन्हा समुद्रात नेले. पण ते जगले नाही. ते पिलू फुप्फुसांनी हवा घेत होते, कारण देवमासा हा मासाच नव्हे. पिलाला दूध पाजणारा तो सस्तन प्राणी आहे. माशाची शेपटी उभी असते, ती डावीउजवीकडे हलते. देवमाशाची आडवी, ती खालीवर हलते; धावत्या कुत्र्याची पाठ वाकते तशी. त्याच्या वल्ह्यासारख्या अवयवाच्या आत बोटांची हाडे आहेत.

म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते. पण ते कोण? तक्रार सिद्ध करायला जसा कागद लागतो, तसा येथे दगड लागतो. हे दगड मुख्यतः भारत-पाकिस्तानात सापडले. १९७५ साली अशोक सहानी व विजयप्रकाश मिश्र यांनी कच्छमधील प्राचीन देवमाशांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्यांचा जमिनीवरचा सोयरा कोणता, हे त्यावरून कळेना.

त्याचे उत्तर जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या दगडांत होते. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी तेथील दगड गोळा केले आणि १९७१ साली त्यांतील एका लहान खुरी प्राण्याला 'इंडोह्युस' हे नाव दिले. पुष्कळ दगड न फोडताच राहिले. राव वारले. त्यांच्या पत्नीने ते दगड टाकून न देता जपले व पुढे अमेरिकेतील संशोधक हान्स थेविसेन यांच्या हाती दिले. तेथे कवटी साफ करताना एका साहाय्यकाच्या हातून कानाचे हाड तुटले. चूक झाली खरी. पण आतली भिंत दिसली. ती एका बाजूला विलक्षण जाड होती. अशी भिंत ही देवमाशाच्या कुळाची खूण!

२००७ साली हे प्रसिद्ध झाले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी मांजराहून थोडा मोठा, हरणासारखा. त्याची पायांची हाडे जड व भरीव होती. उथळ पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्याला ती उपयोगी पडतात. म्हणजे पोहणारे शरीर घडण्यापूर्वीच पाण्याची सवय लागली होती.

राव यांच्या पत्नीने ते खोके भंगारात दिले असते तर? आपल्याकडेही विहीर खणताना जांभ्याखाली काळे लाकूड व पानांचे ठसे निघतात. कुदळ मारणाऱ्या गड्याने असे काही वेगळे दिसताच ते बाजूला ठेवावे, आणि मालकाने त्याला त्यासाठी घटकाभर वेळ द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.