अभियंत्याच्या सहीचे मोल

१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथे एका शाळेत, सदोष नळजोडणीतून इमारतीखाली साठलेल्या वायूचा स्फोट झाला. सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी त्या राज्याने अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा केला. वायोमिंग राज्याने हा पायंडा १९०७ सालीच पाडला होता.

परवान्याची वाट सामान्यतः अशी: पदवी, मूलतत्त्वांची ११० प्रश्नांची परीक्षा, सुमारे चार वर्षांचा अनुभव आणि मग मुख्य परीक्षा. स्थापत्य शाखेत तिचे ८० प्रश्न संगणकावर सोडवावयाचे असतात. सारी बैठक नऊ तासांची. स्वतःची पुस्तके नेता येत नाहीत. सूत्रांची संदर्भपुस्तिका पडद्यावरच मिळते. तेव्हा नुसती घोकंपट्टी व्यर्थ होय. कोणते सूत्र पुस्तिकेत कोठे आहे व ते कोणत्या अटींवर लागू पडते, हे आधीच अंगवळणी पडले पाहिजे. परिमाणे फूट-पौंडांची की मीटरची, हे प्रथम पाहावे. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

परीक्षेतील चुकीने एक गुण हुकतो. नकाशावरील चुकीने माणसे प्राणास मुकतात. हे ध्यानी धरूनच उमेदवाराने अभ्यासास बसावे.