कुपी उघडण्याआधी : गोठवून वाळवलेल्या पेप्टाइडविषयी



तत्त्वज्ञानाचा माणूस प्रयोगशाळेतल्या पावडरीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात असेल. कारण सांगतो. माझी पुतणी संशोधन करते. मागे एकदा तिचे तीन महिन्यांचे प्रयोग वाया गेले. उपकरण ठीक, हिशेब ठीक, तरी दर वेळी उत्तर वेगळं. शेवटी चूक सापडली ती अगदी साधी. फ्रीझरमधली थंडगार कुपी बाहेर काढल्या काढल्या उघडली जात होती. एवढ्याशा घाईनं तीन महिने कसे जातात, हे समजून घेताना जे शिकलो ते आज मांडतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती लांब झाली आणि तिला ठरावीक घड्या पडल्या की आपण प्रथिन म्हणतो. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात; ते या दोहोंच्या सीमेवर बसतं. अशी साखळी पाण्यात राहिली की हळूहळू बिघडते. पाणी तिचे दुवे तोडतं, काही अमिनो आम्लांचं रूप बदलतं, शिवाय जंतूंना आसरा देतं. म्हणजे टिकवायचं तर पाणी काढायला हवं.

पाणी काढणं आपल्याला नवं नाही. तासगावकडे शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरतात आणि बारा-पंधरा दिवसांत बेदाणा होतो. उत्तम टिकतो. पण तोच बेदाणा रात्रभर भिजवून बघा. तो फुगतो, द्राक्ष होत नाही. पाणी द्रवरूपानं बाहेर पडताना आतली रचना आक्रसून गेलेली असते. बेदाण्याला ते चालतं, पेप्टाइडला नाही. तिथे पाणी घातल्यावर पूर्वीचीच वस्तू परत मिळायला हवी.

म्हणून फ्रीज-ड्राइंग. आधी द्रावण कडक गोठवायचं, मग भोवतालची हवा पंपानं काढून घ्यायची. दाब ६११ पास्कलच्या खाली, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण १६५व्या भागाखाली गेला, की पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही. बर्फ न वितळता थेट वाफ होतो, कापूर उडून जातो तसा. ती वाफ अतिथंड नळ्यांवर पुन्हा गोठून अडकते. शेवटी तापमान हळूहळू वाढवून चिकटून राहिलेलं पाणीही काढतात. जिथे बर्फ होता तिथे पोकळी राहते, म्हणून उरलेली पांढरी वडी हलकी आणि सच्छिद्र असते.

ही पद्धत आपल्या शिराळ्यासारख्या भागात जीव वाचवते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरच्या औषधात प्रतिपिंडं असतात, आणि तीही प्रथिनंच. द्रवरूप औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावं लागतं. वाळवलेली कुपी मात्र आरोग्य केंद्रातला फ्रीज बंद पडला म्हणून लगेच वाया जात नाही. वेळ आली की १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून, जोरानं न हलवता हळूच फिरवून विरघळवतात. जोरात हलवलं तर फेस होतो आणि प्रथिनाच्या घड्या बिघडू शकतात.

आता साठवणीकडे येऊ. कोरडं पेप्टाइड घट्ट बंद करून, अंधारात, उणे २० अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवतात. सोबत सिलिका जेल. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर नको, कारण त्यात तापमान सतत खालीवर होतं. सिस्टीन, मेथिओनीन असलेली पेप्टाइडं हवेतल्या ऑक्सिजननं बिघडतात. तिथे कुपीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात.

आणि उघडणं? हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखाली बंद पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आत हवा खेळू द्यायचे, दिवा सोडून बघायचे. इथे कारण वेगळं, पण शिस्त तीच. उन्हाळ्यात फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिच्यावर पाणी जमतं ना? कुपी थंड असतानाच उघडली तर तेच पाणी आत पावडरीवर बसतं. मग आपण पेप्टाइडबरोबर ओलही तोलतो, आणि बिघाडही सुरू होतो. पुतणीचं नेमकं हेच झालं होतं. कुपी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच उघडायची.

तोलतानाही भान हवं. कुपीत ५ मिलिग्रॅम पावडर आहे म्हणजे ५ मिलिग्रॅम पेप्टाइड आहे असं नव्हे. त्यात क्षार आणि थोडं पाणीही असतं. समजा प्रत्यक्ष पेप्टाइड ७५ टक्के, तर हाती ३.७५ मिलिग्रॅमच आलं. विरघळवल्यावर लहान लहान वाटे करून गोठवायचे आणि एका वेळी एकच काढायचा. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळायचं.

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. तालमीतली काही मुलं अशा कुप्या मागवून टोचून घेतात, ते योग्य का? बाळांनो, नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ लिहिलेली कुपी माणसाला देण्यासाठी तपासलेली नसते. ती निर्जंतुक आहे का, तिच्यात जंतूंची विषं आहेत का, मात्रा किती, याची हमी तिथे कुणीच दिलेली नसते. शुद्ध आणि अशुद्ध पावडर दिसायला सारखीच पांढरी. प्रयोगशाळेत घाई केली तर तीन महिने जातात. तुमच्याकडे पणाला लागलेलं शरीर आहे, ते दुसरं मागवता येत नाही. असं काही कुणी घेतलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.