पहिला चीक वासराचा



कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावात ऊस आला आणि उसाच्या वाढ्यावर गोठेही वाढले. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बायफ' संस्था सुरू केली आणि संकरित गाईंचा प्रसार झाला. दूध वाढले. पण व्यालेल्या गाईच्या वासराला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळ, पिवळट-पांढरी हगवण लागते, डोळे खोल जातात आणि बघता बघता कालवड हातची जाते. हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. कोणी म्हणतो दूध बाधले, कोणी म्हणतो दृष्ट लागली. पहिल्या चार दिवसांतल्या अशा हगवणीचे एक मोठे कारण म्हणजे ई. कोलाय नावाचा जंतू.

हा जंतू शेणात असतोच. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी. वासराच्या लहान आतड्यातून सारखा प्रवाह चालू असतो. पाटाच्या पाण्यात पालापाचोळा वाहून जावा, तसे जंतूही वाहून जातात. पण एका जातीच्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'के-९९' म्हणतात. आतड्याच्या पेशींवर साखरेच्या जातीचे काही रेणू असतात, त्यांना हे तंतू नेमके धरतात. गोखरू धोतराला चिकटते तसेच! एकदा पकड बसली की जंतू तिथेच वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाने आतड्याच्या पेशी अंगातले पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागतात. वासरू दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आटल्यामुळे.

नुसते विष असून भागत नाही, चिकटावेही लागते. १९७१ साली इंग्लंडमध्ये स्मिथ आणि लिंगूड यांनी डुकराच्या पिलांवर हे दाखवून दिले. पिलांच्या जंतूचे तंतू 'के-८८' जातीचे. ते काढून टाकल्यावर विष तयार करणारा जंतूसुद्धा हगवण लावू शकला नाही.

आता चिकाचे महत्त्व ध्यानात येईल. गाईच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. ही द्रव्ये जंतूच्या तंतूंवर बसतात, मग जंतूला आतडे धरता येत नाही. गाभण गाईला टोचायची के-९९ ची लसही याच तत्त्वावर आहे. मात्र चिकातली द्रव्ये रक्तात शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासातासाने घटते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते.

आपल्याकडे गाय व्याली की घरोघर खरवस वाटण्याची रीत आहे. रीत चांगली, पण आधी वासराचे पोट भरू द्या, उरेल त्याचा खरवस करा. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत तर सोडूनच द्यावी. त्या वाट पाहण्यात मोलाचे तास जातात.

म्हणून एवढे करावे :

१. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर चीक पहिल्या बारा तासांत पाजावा. सुरुवात दोन तासांच्या आत व्हावी.

२. पुढचे तीन-चार दिवसही चीक चालू ठेवावा. तो आतड्यात राहूनही जंतूला अडवतो.

३. गाय कोरड्या, स्वच्छ जागी विऊ द्यावी. कास धुवावी, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

४. हगवण लागलीच तर ग्लुकोज आणि क्षार असलेली तयार पावडर पाण्यात कालवून थोडी थोडी पाजावी. दूध पूर्ण तोडू नये. गुरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवावे, कारण हगवणीची इतरही कारणे असतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. माणसाला आपण साखर-मिठाचे पाणी देतो, ते योग्यच. पण लहान वासराच्या आतड्यात उसाची साखर पचविणारा रस नसतो. ती दिली तर हगवण वाढते. साखर आपल्या कारखान्याची असली तरी वासराला ग्लुकोजच द्यावे.

आजची कालवड दोन-अडीच वर्षांनी गाय होणार आहे. तिचा पहिला घास तिला वेळेवर मिळाला पाहिजे.