कोवळ्या ज्वारीतलं विष

बारामतीचा सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा असो की इंदापुरातली कालव्यापासून लांबची गावं, रब्बीची ज्वारी निघाली की रानात धसकटं उरतात. त्यांवर अवकाळी सर पडली की फुटवे येतात. हिरव्या वैरणीची वानवा असताना दावं सुटलेली गाय थेट तिकडंच जाते. थोड्याच वेळात तिला धाप लागते, तोंडाला फेस येतो आणि ती थरथरत कोसळते. गोठ्यावर म्हणतात, किरळ लागली. जनावर इतकं झटकन जातं की कित्येकदा संशय सापावर जातो.

खरं कारण म्हणजे धुरिन. डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ते इजिप्तच्या ज्वारीतून वेगळं केलं. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून ज्वारी ते बनवते. दोन विकरं त्याचं सायनाइड दडलेल्या रेणूत रूपांतर करतात, तिसरं त्याला ग्लुकोज जोडतं. ग्लुकोज जोडलेलं असेतो हा रेणू निरुपद्रवी. तो पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठतो. त्याला फोडणारं विकर मात्र आतल्या पेशींच्या हरितलवकांत असतं. अळीनं पान कुरतडलं किंवा गाईनं चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. गाईच्या कोठीपोटातले जिवाणूही या कामाला हातभार लावतात.

हा वायू तंतुकणिकांमधलं श्वसनाचं शेवटचं विकर बंद पाडतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं. घातक मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ४०० किलोच्या गाईला एक ग्रॅमही लागत नाही.

कोपनहेगनच्या संशोधकांनी २००१ मध्ये धुरिन बनवणाऱ्या ज्वारीतल्या तीन विकरांची जनुकं मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात घातली. ते रोपटं धुरिन बनवू लागलं आणि पिसू-भुंगेऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. झाडाला हे संरक्षण किती मोलाचं आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पण धुरिनला निव्वळ विष म्हणणं मला पटत नाही. ती नत्राची साठवणही आहे. गरज पडली तर ज्वारी सायनाइड न सोडता त्यातलं नत्र परत वापरते. पाण्याचा ताण पडून वाढ खुंटली की धुरिन साठत जातं, युरियाची मात्रा जास्त झाली तर आणखी. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवरचा ताण अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून बारामतीजवळ माळेगावलाच आहे. धुरिन हा त्याच ताणाचा गोठ्यापर्यंत पोचणारा परिणाम आहे, आणि दूध धंद्यावर घर चालवणाऱ्या या भागात त्याची चर्चा फार कमी होते, याचं वाईट वाटतं.

पक्व दाण्यात धुरिन जवळजवळ नसतं, त्यामुळे भाकरीची चिंता नको. नीट वाळलेल्या कडब्यात आणि मुरलेल्या मुरघासात सायनाइड बरंच उडून गेलेलं असतं. कडवळ फुलोऱ्यात आल्यावरच कापावं. ताणानं सुकलेलं, गुडघाभर पीक जनावरापुढं टाकूच नये. विषबाधा झालीच तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण हाताशी वेळ मिनिटांचाच असतो. पशुवैद्यकांना फोन लावल्यावर पहिलं वाक्य हेच हवं: गाईनं कोवळी ज्वारी खाल्ली आहे.